पोर्थकर्नो: मुंबईची तार जिथे किनाऱ्याला लागली

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल काउंटीत सुट्टीसाठी येणारी मराठी कुटुंबे बहुधा लँड्स एंड, सेंट आयव्हज आणि सेंट मायकल्स माउंट पाहून परततात. आधीच्या दोन खेपांना आम्हीही तेच केले होते. या वेळी मात्र पुण्याहून आलेल्या वडिलांना, म्हणजे दादांना, घेऊन एक अख्खा दिवस पोर्थकर्नो या लहानशा गावासाठी राखून ठेवला, आणि संपूर्ण आठवड्यात तोच दिवस सर्वाधिक समाधानाचा ठरला.

गावातील दळणवळणाच्या वस्तुसंग्रहालयाचे नाव ‘पीके पोर्थकर्नो’ असे आहे. ‘पीके’ हा या तारठाण्याचा जुना संकेत. 1870 च्या जूनमध्ये येथून थेट मुंबईपर्यंत तारेने संदेश जाऊ लागले. लिस्बनजवळचे कार्काव्हेलोस, जिब्राल्टर, माल्टा आणि अलेक्झांड्रिया, तेथून जमिनीवरून सुवेझ, आणि पुढे पुन्हा समुद्रतळाने एडन व मुंबई असा तो मार्ग होता. मुंबई ते एडन हा टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य आगबोटीने टाकला. तार फाल्मथ बंदरात उतरविण्याचा मूळ बेत होता, परंतु तेथे जहाजांच्या नांगरांनी ती तुटण्याचे भय असल्यामुळे हे निवांत खोरे निवडण्यात आले. ज्या पत्राला बोटीने आठवडे लागत, त्यातला मजकूर काही मिनिटांत पोहोचू लागला. या घडामोडीचे एक टोक आपल्या मुंबईत होते, ही गोष्ट आपल्या शाळांतून कधी सांगितली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

संग्रहालयाचा मोठा भाग डोंगराच्या पोटातील बोगद्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यापासून ठाण्याचे रक्षण व्हावे म्हणून कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी ते खोदले. आत जुनी यंत्रे केवळ काचेआड मांडलेली नाहीत, तर काही चालवूनही दाखवली जातात, आणि माझ्या मते हेच या संग्रहालयाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. दादांनी आपली सारी नोकरी तार ऑफिसात काढली. भारतातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, तेव्हा ते दिवसभर फारसे बोलले नव्हते. तार पाठवायच्या मोर्सच्या चावीवर त्यांनी बोट ठेवले आणि तोच ओळखीचा ‘कडकट्ट’ आवाज आला. समुद्रातून येणारा संकेत मात्र इतका क्षीण असे की त्याने असा आवाज उमटत नसे. एक नाजूक नळी कागदाच्या पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटवी आणि कारकून ती वाचून मजकूर लिहून घेत. ते पाहून दादा म्हणाले, “आम्ही कानांनी तार घेत होतो, ही माणसं डोळ्यांनी घेत होती.” बोगद्यातून सुटकेसाठी बांधलेला शंभराहून अधिक पायऱ्यांचा जिना आहे, गुडघेदुखी असलेल्यांनी तो टाळावा, इतरांनी अवश्य चढावा.

संग्रहालयापासून किनारा चालत काही मिनिटांवर आहे. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वाळू पांढरट दिसते आणि उन्हात पाण्याला हिरवट निळा रंग येतो. पाणी जूनमध्येही चांगलेच गार असते. भरतीला वाळूचा पट्टा बराच आखडतो, म्हणून ओहोटीची वेळ पाहूनच जावे, आणि पोहायचे असल्यास जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरावे. जेवणाची आमची जरा आबाळ झाली, कारण वाटेतील एका दुकानात शाकाहारी पेस्टी (करंजीसारखा सारण भरून भाजलेला कॉर्नवॉलचा पदार्थ) मिळेल असे सांगूनही ऐन वेळी ती संपली होती. दादांपुरती दशमी आणि चटणी बरोबर होती म्हणून निभावले.

संध्याकाळसाठी किनाऱ्यावरच्या कड्यातील मिनॅक नाट्यगृह. रोवेना केड या बाईंनी आपल्या बागेखालचा कडा दोन सहकाऱ्यांच्या मदतीने फोडून ते उभारले, 1932 मध्ये तेथे पहिले नाटक झाले, आणि त्यानंतरही अनेक दशके त्या स्वतः सिमेंट कालवीत, वाळू वाहत राहिल्या. रंगमंचामागे पडदा नाही, उघडा अटलांटिक आहे. नाट्यवेड्या मराठी माणसाने प्रयोग पाहिल्याशिवाय येथून जाऊ नये. तिकिटे खूप आधी काढावी लागतात, बसायला उशी आणि अंगावर जाड स्वेटर हवाच, कारण सूर्य कलला की वारा झोंबतो. किनाऱ्यावरून वर येणारा पायऱ्यांचा रस्ता फार उभा आहे; वयस्कर मंडळींनी गाडीरस्त्याने यावे.

पेन्झान्स या जवळच्या शहराहून येथे बस येते, मात्र प्रयोग संपेपर्यंत परतीची शेवटची बस निघून गेलेली असू शकते, तेव्हा वेळापत्रक आधी पाहावे किंवा टॅक्सी ठरवून ठेवावी. आम्ही टॅक्सीची वाट पाहत असताना दादा अंधारात समुद्राकडे तोंड करून उभे होते आणि कठड्यावर बोटाने काहीतरी वाजवीत होते. विचारले तेव्हा म्हणाले, “मुंबईला कळवतोय, पोहोचलो म्हणून.”