जोडीने शूटिंग सुरू करायचंय: एअर रायफल घ्यावी की एअर पिस्तूल?

ऑफिसमधली एक मैत्रीण आणि तिचा नवरा, घणसोलीला राहतात, मागच्या महिन्यात आमच्याबरोबर रेंजवर आले, दोघांनी दोन्ही मारून बघितलं आणि तेव्हापासून तिचा रोज एकच प्रश्न, रायफल घेऊ की पिस्तूल, आणि दोघांनी एकच घ्यायचं का वेगवेगळं. फोनवर तुकड्या तुकड्यात सांगून झालं नाही म्हणून आता नीट लिहितेय. आम्ही ऐरोलीहून चार वर्षं जातोय, नवरा रायफल मारतो, मी आधी दीड वर्ष रायफल मारली आणि मग पिस्तूलवर आले, त्यामुळे दोन्ही बाजू अंगावर घेतलेल्या आहेत.

हे सगळं १० मीटर एअरबद्दलच, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी गन आणि दहा मीटरवरचं टार्गेट. ४.५ मिमी बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आतली एअर गन असेल तर आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून सुरुवात सगळे इथूनच करतात. आणि आपल्या भागात सोय आहे, ऑलिम्पिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत आहे, ठाण्याचाच रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्यामुळे आईबाबांना "हे काय नवीन खूळ" वाटलं तर सांगायला घरचं उदाहरण आहे.

आता मुख्य फरक. रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिमी, पिस्तूलचा दहा साडेअकरा मिमी. ऐकून वाटतं पिस्तूल सोपं, पण पिस्तूल एका हाताने, हात पूर्ण लांब करून, काही टेकू न घेता धरायचं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी रायफलवाला कागदाच्या मधोमध मारायला लागतो आणि पिस्तूलवाल्याचे पेलेट, म्हणजे छर्रे, कुठेही जातात. ज्यांना पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी जमलंय असं दिसलं नाही तर सोडून द्यावंसं वाटतं, त्यांच्यासाठी रायफल बरी. पिस्तूल उशिरा हातात येतं. मला खांदा न थरथरता साठ शॉट काढायला आठ महिने लागले.

वजनाचं बघा. पिस्तूलला कमाल दीड किलो, रायफलला साडेपाच किलोपर्यंत. पण रायफलचं वजन कंबरेवर आणि डाव्या बाजूच्या बरगड्यांवर टेकतं, पाठ मागे झुकवून उभं राहायचं, म्हणून तिथे हाताच्या ताकदीपेक्षा कंबर महत्त्वाची. कंबरेचा त्रास असेल, दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडत असेल तर रायफलच्या आधी फिजिओला दाखवा, खरंच. माझं रायफल सोडण्याचं कारण तेच. पिस्तूलमध्ये दुखणं खांद्याला आणि मनगटाला येतं, कीबोर्डमुळे मनगट आधीच कुरकुरत असेल तर तेही लक्षात घ्या.

आणि कपडे! हा भाग कुणी आधी सांगत नाही. रायफलला कडक कॅनव्हासचं जॅकेट, पँट, ग्लोव्ह, सपाट तळाचे खास बूट लागतात, आणि जॅकेट तुमच्या मापाचंच हवं, नवऱ्याचं बायकोला होत नाही, म्हणजे दोघं रायफलवाले झालात तर हा खर्च सरळ डबल. मे महिन्यात एसी नसलेल्या रेंजवर ते घालून सव्वा तास उभं राहायचं, आतून घामाच्या धारा, आणि पावसाळ्यात घरी वाळत नाही, बुरशी धरते, आमच्या बेडरूममध्ये जुलै ते सप्टेंबर दोन हँगर पंख्याखाली कायम लटकलेले असतात. पिस्तूलला यातलं काही नाही, टीशर्ट ट्रॅकपँट आणि घोटा न झाकणारे बूट, झालं.

गनचा खर्च दोन्हीकडे मोठा आहे, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, स्टायर, मोरिनी या नावांवर गेलात की लाखांची भाषा, पण पहिले सहा महिने काही घेऊ नका, क्लबची गन वापरा. एक गन दोघांत चालेल का, हे तिने खास विचारलंय. चालते, पण त्रास होतो. रायफलचा बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि गालाचा भाग हलवता येतो पण प्रत्येक वेळी बदलून परत तुमच्या सेटिंगला आणायचं म्हणजे पंधरा मिनिटं गेली. पिस्तूलची ग्रिप हाताच्या मापाची असते, नवऱ्याचा पंजा मोठा आणि तुझा लहान असेल तर एकच ग्रिप दोघांना बसणार नाही, मात्र वेगळी ग्रिप घेऊन बदलता येते, नवीन गनपेक्षा ते खूपच स्वस्त. पेलेटचा डबा पाचशेचा येतो, सायटर (स्कोअर सुरू व्हायच्या आधीचे सरावाचे शॉट) धरून एका माणसाचे एका वेळी नव्वदेक जातात, म्हणजे दोघांनी तीन फेऱ्या केल्या की डबा संपला, हा खर्च महिन्याच्या किराण्यातच धरा.

प्रवास पण मोजा. आम्ही ठाणे-पनवेल लोकलने जातो, पिस्तूलची केस सॅकमध्ये मावते, कुणाला कळतही नाही. रायफलची केस घेऊन सकाळच्या गर्दीत चढणं म्हणजे लोक आधी केसकडे बघतात मग तुमच्याकडे, म्हणून नवरा रविवार सकाळ सोडून ट्रेनने जातच नाही. गनचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र दोघांनी कायम जवळ ठेवा.

चाळिशीच्या आसपास असाल तर डोळ्यांचं नक्की ऐका. पिस्तूलमध्ये पुढची साइट (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) एकदम स्पष्ट दिसायला हवी आणि टार्गेट धूसर चालतं, जवळचा नंबर लागलेल्यांना तिथेच अडतं, मग हाताच्या अंतरावर फोकस येईल असा चष्मा करून घ्यावा लागतो. रायफलच्या मागच्या बारीक भोकातून बघताना हा त्रास कमी होतो. आणि कुठला डोळा जास्त चालतो ते आधी तपासा, उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा निघाला तर पिस्तूलमध्ये सांभाळून घेता येतं, रायफलमध्ये गाल टेकवायचा असल्यामुळे कटकट होते.

स्कोअरचं म्हणाल तर क्वालिफिकेशनला (फायनलच्या आधीच्या फेरीला) दोन्हीकडे साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर. पण रायफल दशांशात मोजतात, एक शॉट जास्तीत जास्त १०.९, एकूण ६५४, आणि पिस्तूल पूर्णांकात, सहाशेपैकी. जोडप्यांसाठी हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण एकाच इव्हेंटमध्ये दोघं असलं की घरी येताना गाडीत स्कोअर निघतोच आणि दशांशाने हरलेलं जास्त लागतं. आमचे पहिल्या वर्षी दोघांचे रायफलचेच आकडे होते, मी मागे असायचे आणि हा मायेनेच सांगायचा की ट्रिगर झटकतेस, ते मला अजिबात सहन व्हायचं नाही. एकमेकांना कोचिंग करायचं नाही, कोचलाच बोलू द्यायचं, हा नियम तेव्हा केला आणि तो आजही पाळतो.

एकच इव्हेंट घेण्याचा मोठा फायदा मिक्स्ड टीम. एक पुरुष एक बाई, पॅरिस २०२४ ला मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांनी एअर पिस्तूलमध्ये १६-१० ने कोरियाला हरवून ब्राँझ आणलं ते हेच. त्यात प्रत्येकाचे क्वालिफिकेशनला तीस शॉट, दोघांची बेरीज. क्लबच्या अंतर्गत मॅचला असा प्रकार ठेवा म्हणून कोचला विनंती करा, एकमेकांविरुद्ध न खेळता एका आकड्यासाठी खेळणं खूप वेगळं असतं. अमेरिकेचा नेमबाज मॅट एमन्स आणि चेक नेमबाज कातेरिना कुर्कोव्हा यांची गोष्ट मला म्हणून आवडते, २००४ ला अथेन्समध्ये सोनं हातात असताना मॅटने शेवटचा शॉट बाजूच्या टार्गेटवर मारला आणि तो आठवा गेला, तेव्हा कातेरिनाने येऊन त्याला धीर दिला, २००७ ला लग्न झालं आणि २००८ ला तिने एअर रायफलमध्ये बीजिंगचं पहिलं गोल्ड मारलं. दोघंही रायफलवाले, त्यामुळे त्या एका चुकीत किती दुखतं ते तिला सांगावं लागलं नसणार.

घरच्या सरावात मात्र पिस्तूल जिंकतं. रिकाम्या पिस्तूलने भिंतीसमोर वीस मिनिटं ड्राय (नुसता ट्रिगर दाबून) मारायला टू बीएचकेचा हॉल पुरतो, रायफलला सगळा पोशाख चढवा. दोन्हीत आधी गन रिकामी आहे ते दोघांनी बघायचं, मगच हात लावायचा, आणि पेलेट शिशाचे असतात, रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोळीला हात नाही.

म्हणून मैत्रिणीला माझं सांगणं असं, तुझा नवरा एकोणचाळीसचा, जवळचं बघताना मोबाईल लांब धरतो, त्याने रायफल घ्यावी. तुझी कंबर गेल्या वर्षी धरली होती, तू पिस्तूल. मिक्स्ड टीम मिळणार नाही, पण घाबरू नका, रविवारी एकाच वेळेचा स्लॉट मिळेल, तू १ नंबर लेन, तो २ नंबर, आणि दोघांचे पहिले दहा शॉट झाले की मधे पाणी प्यायला एकत्र बाहेर या. दोघांच्या नजरा आधी तपासून घ्या, ऐरोलीच्या चष्म्यावाल्याकडे गेलात तर त्याला सांगा की हाताच्या अंतराचा नंबर पाहिजे, वाचायचा नाही.