जपानची चूगाक्को की पश्चिमेतली शाळा: मूल ११ ते १४ वर्षांचं असताना ठरवायचं कसं

तोक्यो, म्युनिक, न्यू जर्सी अशा दोन-तीन ठिकाणी नोकरीची संधी असते आणि मूल सहावी ते नववीच्या मध्ये कुठेतरी असतं. अशा वेळी घरातली चर्चा "जपानमध्ये शिस्त, तिकडे मोकळीक" याच्यापुढे फारशी जात नाही. ठरवायला ही विभागणी कामाची नाही. मुलांची चाळणी कोणत्या वयात लागते आणि कशावरून लागते, हे आधी पाहा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तिथे, ती दहाव्या वर्षी लागते, जपानमध्ये पंधराव्या आणि इंग्लंडमध्ये सोळाव्या. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत बहुतेक ठिकाणी प्रवेशपरीक्षाच नसते, तिथे तुम्ही घर कुठे घेतलंत यावरूनच बरंचसं ठरून गेलेलं असतं. झाडलोट, गणवेश आणि डब्याचे प्रश्न त्यानंतरचे.

वर्ग कोणता मिळतो

जपानची सहा-तीन-तीन ही रचना १९४७ पासूनची आहे. सहा वर्षं प्राथमिक, तीन वर्षं चूगाक्को आणि तीन वर्षं हायस्कूल. चूगाक्को म्हणजे आपली सातवी, आठवी, नववी, पण तिथे त्यांना पहिलं, दुसरं, तिसरं वर्ष म्हणतात. सक्तीचं शिक्षण इथे संपतं. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि वर्ग जन्मतारखेवरून मिळतो: एप्रिल २०२६ ला पहिल्या वर्षात बसणारी मुलं २ एप्रिल २०१३ ते १ एप्रिल २०१४ या काळात जन्मलेली. मार्कशीट कितीही चांगली असली तरी वरचा वर्ग मिळत नाही आणि नापास करून कुणाला मागेही ठेवत नाहीत. भाषा येत नाही म्हणून तात्पुरतं एक वर्ग खाली बसवता येतं, पण ते प्रवेशाच्या वेळीच वॉर्डाच्या शिक्षण मंडळाशी बोलून घ्यावं लागतं. नंतर मागे जाणं जवळपास अशक्य.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. परदेशी मुलांना सरकारी शाळेत जायचा हक्क आहे, पण सक्ती नाही. त्यामुळे वॉर्ड ऑफिसात अर्ज तुम्हीच करायचा, तो केला नाही तर पाठपुरावा होईलच असं धरून चालू नका. फी नाही आणि पाठ्यपुस्तकं फुकट.

अमेरिकेत मिडल स्कूल बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी असतं आणि नववी हायस्कूलमध्ये जाते. जर्मनीत पाचवीपासूनच पुढची शाळा सुरू होते. या सगळ्या देशांत वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे भारतातून मार्चमध्ये वर्ष संपवून निघणाऱ्या सीबीएसईच्या मुलाला फक्त जपानचंच वेळापत्रक नीट जुळतं.

दिवस कसा जातो

चूगाक्कोत तास ५० मिनिटांचा, वर्षाला १०१५ तास, आठवड्याला साधारण २९. वर्गात मुलं बसून राहतात आणि शिक्षक येऊन-जाऊन शिकवतात. अमेरिकेत उलट: मुलं लॉकरमधून पुस्तकं काढून दर तासाला खोली बदलतात, आणि गणिताला शेजारी बसलेला मुलगा इतिहासाला वेगळा असतो. हा फरक वरवरचा वाटतो, पण जपानी शाळेतलं चांगलं-वाईट बरंचसं यातूनच येतं. सकाळची सभा, जेवण, झाडलोट, क्रीडादिन, गायनस्पर्धा, तिसऱ्या वर्षाची सहल (तोक्योच्या शाळांची बहुधा क्योतो-नारा, दोन रात्री) हे सगळं एकाच वर्गाचं, एकाच वर्गशिक्षकाच्या हाताखाली. कायद्याने वर्गात ४० पर्यंत मुलं बसू शकत; एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ३५ वर येते आहे. वर्गात मूल रमलं तर भाषा न येताही त्याला माणसं मिळतात. वर्गाने बाजूला टाकलं तर मात्र सुटका नाही, कारण पुढच्या तासालाही तीच माणसं असतात. २०२३ या शालेय वर्षात चूगाक्कोत वर्षाला ३० किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत न जाणारी मुलं (आजारपण किंवा पैशांची अडचण सोडून) २,१६,११२ होती, म्हणजे सुमारे ६.७ टक्के. सगळी कारणं त्रास देण्याची नसतात, पण आकडा डोळ्यांआड करण्याजोगा नाही.

झाडलोट रोज १५-२० मिनिटं, संडासासकट. शाळेत सफाई कामगार जवळपास नसतातच. आपल्याकडच्या काही पालकांना हे खटकतं, मुलांना सहसा दोन आठवड्यांत काही वाटेनासं होतं.

जर्मनीत बऱ्याच शाळा अजूनही दुपारी एकच्या सुमारास सुटतात. आई-वडील दोघं नोकरी करत असतील तर शाळा शोधतानाच पूर्णवेळ शाळा आहे का, हे विचारून ठेवा.

चाळणी

आधी जर्मनी. बव्हेरियात चौथीच्या गुणपत्रकात जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधल्या स्तराची), त्यापुढे मिटेलशूल (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). तिथे १ हा सर्वोत्तम गुण आणि ६ सर्वांत वाईट. जपानमध्ये नेमकं उलट, ५ सर्वोत्तम. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ही विभागणी सहावीनंतर होते. बाराव्या वर्षी भारतातून जाणारं मूल ही चाळणी ओलांडून गेलेलं असतं; त्याला बहुतेकदा आधी भाषेच्या वर्गात बसवतात आणि मग शाळाप्रकार ठरतो. नंतर प्रकार बदलता येतो, पण वर चढणं खाली येण्याइतकं सोपं नाही. गिम्नाझियममध्ये दुसरी परकी भाषाही सहावीच्या आसपास सुरू झालेली असते, बहुधा फ्रेंच किंवा लॅटिन.

अमेरिकेत मिडल स्कूलचे गुण कॉलेजच्या अर्जात मोजत नाहीत. मोजला जातो तो एकच धागा: आठवीत मूल गणिताच्या कोणत्या गटात आहे. आठवीत बीजगणित झालं असेल तर बारावीपर्यंत कॅल्क्युलस सहज बसतं. भारतातून जाणारी मुलं इथे पुढे असतात, पण शाळेने चुकीच्या गटात टाकलं तर पहिल्या महिन्यातच गट ठरवायची परीक्षा (प्लेसमेंट टेस्ट) मागून घ्या.

आता जपान. चूगाक्कोची तीन वर्षं कुणाला गाळत नाहीत आणि सगळा हिशेब शेवटच्या फेब्रुवारीत होतो. हायस्कूल सक्तीचं नाही, तरी सुमारे ९९ टक्के मुलं जातात, आणि हायस्कुलांची क्रमवारी गावातल्या प्रत्येकाला पाठ असते. तोक्योच्या सरकारी हायस्कूलचं सर्वसाधारण सूत्र असं: पाच विषयांच्या लेखी परीक्षेचे ५०० गुण ७०० मध्ये रूपांतरित होतात, शाळेच्या गुणांना ३००, आणि इंग्रजी बोलण्याच्या चाचणीला २०. शाळेचे गुण, ज्यांना नाइशिन म्हणतात, नऊ विषयांचे पाचपैकी. परीक्षेचे पाच विषय जसेच्या तसे, आणि संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण, तंत्र-गृहविज्ञान हे चार दुप्पट. म्हणजे ६५ पैकी ४० गुण त्या विषयांचे, ज्यांना आपल्याकडे "खेळाचा तास" म्हणून सोडून देतात. गणितात ५ आणि रेकॉर्डर (संगीताच्या तासाची बासरी) वाजवण्यात २ मिळवणारं मूल इथे मागे पडतं.

त्यातही पत्ता महत्त्वाचा. तोक्योत तिसऱ्या वर्षाचेच गुण धरतात. नदी ओलांडून योकोहामाला, म्हणजे कानागावा प्रांतात राहिलात तर दुसऱ्या वर्षाचेही धरतात. शेजारच्या चिबा प्रांतात तिन्ही वर्षांचे. मूल मध्येच येणार असेल तर घर निवडताना भाड्याइतकंच हेही बघावं, कारण भाषा न येणारं पहिलं वर्ष चिबात गुणपत्रकावर कायम राहतं, तोक्योत पुसलं जातं.

गुण फक्त परीक्षेवरून मिळत नाहीत. २०२१ पासून तीन निकषांवर देतात: ज्ञान, विचार-मांडणी, आणि शिकण्याकडे बघण्याची वृत्ती. तिसऱ्याचा बराचसा भाग वह्या आणि वर्कबुक वेळेवर देण्यात जातो. इंग्रजीच्या पेपरात ९८ मिळवून ४ वर अडकलेल्या भारतीय मुलांची गोष्ट नेहमी हीच असते: वर्कबुक दिलंच नाही, कारण "ते तर येतंच होतं".

या फेब्रुवारीतून सुटायचे दोन रस्ते आहेत. एक खासगी चूगाक्को, ज्यांची परीक्षा तोक्योत सहावीच्या शेवटी १ फेब्रुवारीपासून सुरू होते. दुसरा, हायस्कूल जोडलेली सरकारी चूगाक्को. इथेही प्रवेशचाचणी असते, पण मग सहा वर्षं निवांत. तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ ला निवडून आलेले, मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक पुढे इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा दाइइचि या अशाच सरकारी शाळेचे प्राचार्य झाले. मात्र या दोन्ही वाटांना जपानी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत दोन-तीन वर्षं तरी गेलेली हवीत.

भाषा

प्राथमिकच्या सहा वर्षांत जपानी मुलं १,०२६ कांजी शिकतात, आणि चूगाक्कोचं समाजशास्त्राचं पुस्तक ती सगळी येतात असं धरून लिहिलेलं असतं. २०१४ पासून शाळेच्या वेळातच वर्षाला १० ते २८० तास जपानी शिकवण्याची तरतूद आहे. २८० तास मिळतील की १०, हे त्या भागात परदेशी मुलं किती यावर ठरतं. एदोगावा किंवा शिंजुकूत सोय बरी, लांबच्या उपनगरात आठवड्यातून एकदा येणारी शिक्षिका. अमेरिकेत इंग्रजी न येणाऱ्या मुलाला मदत देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९७४ च्या निकालापासून शाळांवर बंधनकारक आहे, आणि आपल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ती लागतही नाही. भाषेच्या बाबतीत पश्चिम, त्यातही इंग्रजी देश, सरळ पुढे आहेत. यात समतोल साधायचं कारण नाही.

गणितात मात्र जपानचा अभ्यासक्रम आपल्याला ओळखीचा वाटतो: पहिल्या वर्षी ऋण संख्या आणि एकचल समीकरणं, दुसऱ्या वर्षी युगपत समीकरणं आणि एकरूपतेच्या सिद्धता, तिसऱ्या वर्षी वर्गसमीकरणं आणि पायथागोरस. २०२२ च्या पिसा या, पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत गणितात जपान ५३६, ब्रिटन ४८९, फिनलंड ४८४, जर्मनी ४७५, अमेरिका ४६५. या ५३६ मध्ये संध्याकाळच्या जुकुंचा, म्हणजे क्लासेसचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. पण २०२१ च्या सरकारी पाहणीत सरकारी चूगाक्कोतल्या मुलामागे वर्षाला ५.३९ लाख येन खर्च निघाला आणि त्यातले सुमारे ३.६९ लाख शाळेबाहेरचे होते. "शिक्षण फुकट" हे वाक्य या आकड्यासोबत वाचा.

क्लब

बुकात्सु म्हणजे शाळेनंतरचा क्लब: टेबल टेनिस, बेसबॉल, ब्रास बँड. एकच निवडायचा आणि बहुतेक मुलं तो तिन्ही वर्षं टिकवतात. अमेरिकेत हंगामाप्रमाणे खेळ बदलतो आणि संघात घेण्याआधी निवडचाचणी असते. जर्मनीत खेळाचे संघ बहुधा शाळेत नसतात, गावातल्या क्लबात असतात. जपानमध्ये कुणालाही प्रवेश मिळतो, अगदी बॅट पहिल्यांदा धरणाऱ्यालाही, आणि जपानी बोलायला शिकायची सगळ्यात भरवशाची जागा हीच. २०१८ च्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे आठवड्यात किमान दोन दिवस सुट्टी, शाळेच्या दिवशी दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी तीन तासांची मर्यादा आहे. बँड आणि बेसबॉलमध्ये ती ताणली जाते. शनिवार-रविवारचे क्लब हळूहळू गावातल्या संस्थांकडे सोपवले जाताहेत, त्यामुळे प्रवेशाआधी कोणते क्लब उरलेत हे विचारा.

जेवण, कानातलं, गणवेश

शाळेच्या जेवणात मुलं पांढरे अंगरखे घालून स्वतः वाढतात. शाकाहारी पर्याय नसतो. भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, तो वेगळा काढता येत नाही. ॲलर्जीसाठी पदार्थ वगळण्याची पद्धत पक्की आहे. शाकाहारासाठी बहुतेक शाळा घरचा डबा चालवून घेतात, पण आधी लेखी बोलणं करावं लागतं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कॅफेटेरियात चीज पिझ्झा तरी मिळतो.

कानातलं, चमकी, मेंदी आणि नखांचा रंग बऱ्याच चूगाक्कोंत चालत नाही. धार्मिक कारण सांगितलं तर मुख्याध्यापक ऐकतात, पण पहिल्या दिवशी गेटवर नाही, त्याआधी. गणवेश, शाळेत घालायचे बूट आणि खेळाचे कपडे ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचे. सुरुवातीचा खर्च दहा हजार येनांच्या कित्येक पटींत जातो.

मग कुणी कुठे

मूल पाचवी-सहावीत असेल आणि जपानमध्ये पाच वर्षं किंवा जास्त राहायचं असेल तर सरकारी प्राथमिक शाळेत घालून चूगाक्कोत जाऊ द्या. घर तोक्यो हद्दीत. सातवीच्या एप्रिलला पोचत असेल तरी जमतं, फक्त पहिल्या दिवसापासून क्लब आणि आठवड्यातून दोनदा जपानीची शिकवणी धरा. आठवीच्या मध्यात किंवा नववीत पोचणाऱ्या मुलाला नेहमीच्या हायस्कूल परीक्षेसाठी वेळ उरत नाही. तोक्योच्या काही सरकारी हायस्कुलांत परदेशी मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, परीक्षा निबंध आणि मुलाखतीची, निबंध इंग्रजीतही चालतो. पण जपानमध्ये येऊन साधारण तीन वर्षांहून जास्त झालेली नसावीत. सातवीला आलेलं मूल या अटीच्या काठावर असतं, तेव्हा प्रवेशाची तारीख मोजून बघा.

दोन-तीन वर्षांत भारतात परतायचं असेल तर एदोगावा आणि कोतो वॉर्डांतल्या सीबीएसई शाळा बऱ्या. नववी आणि दहावी तिथे दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात, म्हणून परतायचं ते नववीच्या आधी किंवा दहावीनंतर. नववीत असलेल्या मुलासाठी न्यू जर्सी आणि तोक्यो यांत निवड करायची असेल तर न्यू जर्सी. म्युनिक त्या वयात तोक्योइतकंच अवघड, फक्त तिथे एखादं वर्ष पुन्हा करता येतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.