आईच्या पैठणीचे जाकीट: गंगापूर रोडवरील एका बुटीकचा अनुभव

आईची येवल्याची पैठणी वर्षानुवर्षे कपाटात एकाच घडीत राहिली आणि त्या घडीवरच चिरली. रफूवाल्याने ती पाहून परत दिली, आणि बोहारणीला देण्यास माझे मन धजेना. शेवटी, जुन्या साड्यांपासून स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या, नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका छोट्या बुटीकमध्ये मी तिचे बिनबाह्यांचे लांब जाकीट करून घेतले. ते सहा महिने वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

कात्री लावण्यापूर्वी तेथील ताईंनी संपूर्ण साडी खिडकीशी धरून वीतवीत पुढे सरकवली आणि जिथे उजेड आरपार दिसला तिथे खडूने खूण केली. "ताई, निऱ्यांचा हा भाग वरच्या बाजूला घेत नाही, अंगात घालताच फाटेल," असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि माझा विश्वास तेव्हाच बसला. काठ मात्र दाट विणीचा असल्यामुळे शाबूत होता. तो त्यांनी गळ्याला आणि पुढच्या दोन्ही कडांना लावला.

पाठीवर मोरांचा पदर आहे. पैठणीच्या पदरातील नक्षीत प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळा घेऊन हाताने गुंफलेला असतो, म्हणून तिची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. आमच्या पदराची वरची बाजू घासून निस्तेज झाली होती. ताईंनी तो सरळ उलटा करून लावला आणि आतल्या बाजूचा हिरवा रंग बाहेर आला. पैठणीची वीण जाणणाऱ्या माणसालाच हे सुचू शकते.

विरलेले रेशीमही त्यांनी टाकून दिले नाही. जुन्या मऊ सुती साडीचे अस्तर खाली घेऊन, गोधडीला घालतात तसा धावदोरा बोटभर अंतरावर घालत त्यांनी दोन्ही थर एकजीव केले, त्यामुळे ताण एका धाग्यावर न येता सगळ्या कापडावर वाटला जातो. टाके थोडे लहानमोठे आहेत, आणि मला ते तसेच आवडतात. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी लागते, हे लक्षात घेता अस्तरही जुनेच वापरणे मला फार मोलाचे वाटते. वर जुनी साडी आणि आत नवे पॉलिस्टर लावून पर्यावरणपूरक म्हणून विकलेले कपडे मी प्रदर्शनांत पाहिले आहेत. ते अंगाला चिकटतात आणि उद्देशही हरवून बसतात.

तक्रारी दोन आहेत. तीन आठवड्यांचे काम सात आठवड्यांनी मिळाले, आणि मधल्या काळात प्रत्येक वेळी मलाच फोन करावा लागला. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: मुंढ्याला, म्हणजे हात बाहेर काढण्याच्या कडेला, जेमतेम पाव इंच माया (शिलाईबाहेर सोडलेले जादा कापड) ठेवली होती, त्यामुळे तिसऱ्याच वापरात उजव्या मुंढ्याचे रेशीम शिलाईपासून सुटले. नव्या कापडाला एवढी माया कदाचित पुरली असती, जुन्या रेशमाला ती मुळीच पुरत नाही. आपली साडी द्यायची असल्यास किमान पाऊण इंच माया आणि मुंढ्याला आतून सुती पट्टी, या दोन गोष्टी कापण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. धुण्याबाबतही त्यांनी काही सांगितले नव्हते. मी पाणी न लावता पेट्रोल वॉश करून घेते आणि जाकीट मलमलीत गुंडाळून ठेवताना दर वेळी घडी बदलते.

मुंढा त्यांनी विनातक्रार आणि विनामूल्य दुरुस्त करून दिला. जाकीट देताना उरलेल्या सगळ्या चिंध्या, अगदी चार बोटांचे तुकडेसुद्धा, त्यांनी कापडी पिशवीत घालून मला परत दिले होते. दुरुस्तीसाठी लागलेली जांभळी पट्टी त्याच पिशवीतून निघाली, आणि आता ती कुठे लावली आहे हे मलाही शोधावे लागते.