सोलर पंप आणि ड्रिप (ठिबक सिंचन), कुळागरात नऊ महिने वापरल्यावर

खूप जण विचारत होते म्हणून लिहितोय, जरा लांबेल. फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची मिश्र बाग आहे, साधारण 400 पोफळी, मध्ये माड, केळी, मिरवेली, आणि खाली दोन हजार चौरस मीटर शेत जिथे वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचा भात करतो. नोव्हेंबरात 3 एचपीचा सोलर पंप बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, पंप वाईट नाहीये, सर्व्हिसवाला मात्र फोन केल्यावर अकराव्या दिवशी आला.

पहिली गोष्ट, वीजबिल वाचावं म्हणून घेत असाल तर नको. शेतीचं बिल तसंही फार येत नाही. आम्हाला त्रास व्होल्टेजचा होता, मार्च-एप्रिलमध्ये मोटर गुरगुरायची नि ट्रिप व्हायची, दोनदा वाइंडिंग जळलं. तो ताप संपला, त्याचे पूर्ण मार्क.

दुसरा घोळ सावलीचा. कुळागरात ऊन जमिनीवर पडतच नाही, म्हणून तर ते कुळागर! पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर जरी झावळीची सावली आली तरी सगळ्या माळेचा करंट पडतो. शेवटी मळणीच्या खळ्यावर स्टँड उभा केला, आता मळणी अंगणात. आई अजून त्यावरून बोलते.

आता खरी गोष्ट. ऊन फुकट, त्यामुळे पंप बंद करायचं कोणाला सुचेना. सकाळी नऊला सुरू झाला की चारपर्यंत धो धो, पाटाने पाणी सोडायचं, आळी भरून वाहायची, आम्ही खूश. बाबांच्या वेळी वरच्या झरीचं पाणी पाटाने यायचं, शेजाऱ्यांबरोबर पाळी ठरलेली, आपला दिवस संपला की पाट दुसरीकडे वळवायचा, म्हणजे पाण्याला आपोआप लगाम होता. नंतर विजेचा पंप आला तेव्हा लगाम बिलाचा आणि लाईट जाण्याचा. सोलरला कसलाच लगाम नाही. फेब्रुवारीच्या शेवटी विहीर दुपारी दोनलाच तळाला लागायला लागली, पंप ड्राय रनवर (पाणी नसलं की आपोआप) बंद पडायचा आणि मी पंपात फॉल्ट आहे म्हणून फोन करत बसलो. फॉल्ट माझा होता.

मग मार्चमध्ये ड्रिप घातलं. प्रत्येक पोफळीला तासाला 4 लिटर सोडणारे दोन ड्रिपर, दोन तास, म्हणजे झाडाला 16 लिटर, सगळ्यांचे मिळून 6400 लिटर. उतारावर झाडांपेक्षा दहा मीटर उंच 10 हजार लिटरची टाकी ठेवली, दहा मीटर म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, ड्रिपला चालतं. पंप टाकी भरतो आणि बंद होतो, तासभर पण लागत नाही. ढग आले तरी टाकीत पाणी असतं, वेगळी बॅटरी कशाला हवी. झाडांखाली झावळ्या नि पाचोळा पसरला, ओल टिकते. एप्रिलमध्ये विहिरीला रोज संध्याकाळी गाठी मारलेला दोर सोडून बघायचो, पाणी टिकलं.

म्हणजे हिशेब उलटा झाला ना? ड्रिप आधी घातलं असतं तर 1 एचपीचा पंप पुरला असता, पॅनल पण कमी, खळं पण वाचलं असतं. दुकानदार तुम्हाला हे सांगणार नाही, त्याला मोठा पंप खपवायचा असतो.

शेताचं सांगायचं तर वायंगणाला उभं पाणी लागतं, तिथे ड्रिपचा उपयोग नाही. या वर्षी अर्ध्या भागात भात आणि अर्ध्यात अळसांदे (चवळी) केले, अळसांदे जमिनीतल्या ओलीवर येतात, दोनदा पाणी दिलं तेवढंच. घरचा तांदूळ मात्र कमी पडला, मे महिन्यापासून विकत आणतोय, हे पण खरंय. पुढच्या वर्षी किती भात ठेवायचा यावरून घरात वाद चालूच आहे.

कटकटी: आमच्या पाण्यात लोह आहे, जांभ्या दगडाची जमीन, फिल्टरमध्ये तांबडा चिखल बसतो, दर चार दिवसांनी धुवावा लागतो नाहीतर ड्रिपर बुजतात. 16 एमएमच्या नळ्या उंदीर कुरतडतात, रानडुक्कर उपटतात. जॉइनर पन्नासएक जास्तीचे आणून ठेवा.

जूनपासून सगळं बंद, पावसात पंपाला काम काय. चार महिने पॅनल नुसते भिजतायत, त्यावर कंट्रोलर बदलून खोबऱ्याचा घाणा चालतो का बघतोय, कोणी केलं असेल तर सांगा. सध्या पॅनलवर शेवाळ धरलंय, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पुसून काढायचेत.