एफएम वाजत होता, तरी ‘स्क्रीन गेली’ म्हणून 44,400 रुपये मोजले

आधी गाडीच्या वर्कशॉपने लावलेले आकडे. तपासणी 1,180, नवी स्क्रीन 38,500, फिटिंग आणि प्रोग्रामिंग 4,720. एकूण 44,400 रुपये, जीएसटीसकट. खरा दोष एका कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या) गंजलेल्या पिनेत होता आणि तो शेवटी 850 रुपयांत निघाला.

लाज याची वाटते की मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. यंत्रांमधले निरोप नेणाऱ्या आरएस-485 लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावणं हे माझं रोजचं काम. गाडीतली मॉड्यूल जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती कॅन लाइनही त्याच जातीची: पिळलेल्या दोन वायरी, दोन्ही टोकांना 120. पण वॉरंटी संपून दोन महिने झालेले, सकाळी घरच्यांना घेऊन गावी निघायचं होतं, आणि समोर वर्कशॉपच्या टॅबवर लाल अक्षरं. अधिकृत वर्कशॉप आहे, खोटं कशाला सांगतील, असं वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

लक्षणं अशी. रिव्हर्स टाकला की कॅमेरा येत नाही, स्टीअरिंगवरची बटणं मेलेली, एसी गार होत नाही. स्क्रीन मात्र उजळत होती आणि एफएम खणखणीत वाजत होता. म्हणजे स्क्रीनला सप्लाय आहे, अर्थिंग आहे, ॲम्प्लिफायर शाबूत आहे. या गाडीत रिव्हर्सचा इशारा आणि बटणांचा निरोप कॅनवरून येतो, नेमकं तेवढंच बंद. हे मला तिथे उभ्या उभ्या कळायला हवं होतं.

त्याहून वाईट म्हणजे स्कॅन रिपोर्टचा कागद माझ्या हातात होता. बॉडी मॉड्यूलमध्ये (लाइट, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या कंट्रोल डब्यात) दोन कोड: यू0184, म्हणजे रेडिओशी संपर्क तुटला, आणि यू0164, म्हणजे एसी मॉड्यूलशी संपर्क तुटला. खाली दोन्ही डब्यांपुढे ‘प्रतिसाद नाही’. दोन डबे एकाच दिवशी मरतात का? दोघांना जोडणारी वायर तुटते! यू-कोड कोण ऐकू येत नाही ते सांगतो, कोण बिघडलं ते सांगत नाही. मी एसीचं विचारलं तर उत्तर आलं, “सर, तो वेगळा प्रॉब्लेम, गॅस नंतर बघू.” आणि स्क्रीन बदलल्यावर एसी आपोआप गार झाला. गॅस न भरता! तेव्हाही मी गप्प. उलट खूश होऊन सही केली.

नऊ दिवस चाललं. पाऊस झाला आणि पुन्हा तेच. आता म्हणे पूर्ण डॅशबोर्ड हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदला, 62,000 अधिक टॅक्स, आणि पाणी गेल्यामुळे नव्या स्क्रीनलाही वॉरंटी नाही. तिथून गाडी उचलली.

गॅरेज लाइनीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात काय केलं ते नीट वाचा. बॅटरीची निगेटिव्ह काढली, दहा मिनिटं थांबला. स्क्रीनचा कपलर लावलेलाच ठेवून मागून बारीक प्रोब घातले आणि कॅनच्या दोन वायरी, कॅन-हाय आणि कॅन-लो, यांच्यात ओहम मोजले. दोन 120 समांतर असले की साधारण 60 यायला हवेत. आले 119. म्हणजे स्क्रीनच्या आतला टर्मिनेटर (टोकाचा 120) दिसतोय, पलीकडचा नाही. मध्ये वायर तुटलेली. (शून्याच्या आसपास आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मग एकेक मॉड्यूल सुटं करत जायचं. कुठलंच काढून फरक पडला नाही तर शॉर्ट वायरिंगमध्येच.) मीटर तसाच ठेवून त्याने डाव्या सीटपुढची, पायाजवळची पट्टी काढली आणि आतला कपलर अंगठ्याने दाबला. 61. सोडला, 119. दाबला, 61. मला घाम फुटला.

कपलर उघडला तर कॅन-लोची पिन हिरवीगार. सनरूफच्या ड्रेनची नळी कचऱ्याने तुंबलेली, पाणी पिलरमधून थेट कपलरवर. वर्कशॉपने स्क्रीन बदलताना हार्नेस हलला, पिन तेवढ्यापुरती टेकली, म्हणून ते नऊ दिवस. त्याने दोन्ही बाजूंच्या पिना बदलल्या, वायरींचा पीळ जेमतेम लागेल तेवढाच सोडला, आणि ग्रास कटरची नायलॉन दोरी घालून नळी साफ केली. तिथे कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, नळी आतल्या आत निखळते.

मोजणाऱ्याने वायरीच्या अंगात टाचणी खुपसली तर हात धरा, तिथूनच पुढे गंज चढतो. ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) 6 आणि 14 नंबर पिनांवर 60 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. मध्ये गेटवे (लाइनी वेगळ्या ठेवणारं मॉड्यूल) असेल तर मल्टिमीडियाची लाइन वेगळी असते, ती स्क्रीनपाशीच मोजावी लागते. इग्निशन चालू करून मीटरवर हाय अडीच व्होल्टच्या किंचित वर, लो किंचित खाली, बेरीज पाचच्या आसपास. लाइनवर सरळ 12 किंवा शून्य म्हणजे शॉर्ट. आणि ॲक्सेसरीवाल्याने डॅशकॅम, ॲम्बियंट लाइट चिमटा मारून जोडले असतील तर आधी ते काढा.

आता तक्रारीचं. कस्टमर केअरने नंबर दिला आणि तिसऱ्या दिवशी एसएमएस: तक्रारीचं निवारण झाले आहे. कोणी केलं? कधी? पुन्हा फोन, नवा नंबर, पुन्हा तोच एसएमएस. चार वेळा! चौकीत म्हणाले हा सिव्हिल मामला, आरटीओत जा. आरटीओत म्हणाले आमच्याकडे नोंदणी आणि लायसन्स, वर्कशॉपच्या बिलाशी आमचा काय संबंध, चौकीत जा. मी खरोखर परत चौकीत गेलो. तिथे विचारलं, “बिलावर सही तुमचीच ना?” सही माझीच. एरिया मॅनेजर ‘मीटिंगमध्ये’ आहेत ते आजतागायत. दोन दिवसांची रजा गेली, पेट्रोल वेगळं.

या लोकांच्या नादी लागू नका. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाका. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. स्कॅन रिपोर्टचा फोटो, जॉबकार्ड, दुसऱ्या मेकॅनिकचं सहीचं बिल, सगळं जोडा. माझ्याकडे 850 चं बिल आहे, त्यावर ‘119 ते 61’ असं लिहून घेतलंय.

आणि गाडी देतानाच जॉबकार्डवर लिहा: जुना पार्ट परत हवा. मी लिहिलं नाही. मागितल्यावर म्हणाले, जुनी स्क्रीन एक्स्चेंजमध्ये कंपनीकडे गेली. बिलात एक्स्चेंजचा रुपया वजा नाही. चालती स्क्रीन आहे ती. कुणी नाशकात सेकंडहँड म्हणून दाखवली तर मागचा सीरियल नंबर बघा, शेवटचे चार आकडे 4417 असले तर माझी.