फुगवायची बोट की फायबरची?

पुण्यात स्वतःची छोटी मोटरबोट घेऊ पाहणाऱ्या चौकोनी कुटुंबापुढे बहुधा दोन पर्याय येतात : ॲल्युमिनियमचा कडक तळ असलेली, साडेतीन मीटरची फुगवायची बोट आणि १५ अश्वशक्तीचे इंजिन, किंवा १५-१६ फुटांची फायबरची बोट आणि ४० अश्वशक्तीचे इंजिन. सहसा यांची तुलना पाण्यावरच्या वेगाने होते. माझ्या मते ती काठावरच्या शेवटच्या पन्नास पावलांवर व्हावी.

कारण आपली धरणे पावसाळ्यात भरतात आणि मुलांना सुट्टी लागते नेमकी तेव्हा आटलेली असतात. पानशेतच्या फुगवट्यावर ऑक्टोबरात जे पाणी गवताला टेकलेले असते, ते मे महिन्यात उतारावरून बरेच खाली गेलेले असते आणि मधल्या पट्ट्यात भेगाळलेला गाळ, दगडगोटे नि बाभळीचे काटे उरतात. फायबरची बोट इंजिन व ट्रेलर धरून सहाशे-सातशे किलोंच्या घरात जाते. अशा गाळात जीपची मागची चाके रुतली, की गावातून ट्रॅक्टर मागवावा लागतो. फुगवायची बोट साठ-सत्तर किलोंची आणि इंजिन पन्नासच्या आसपास, तेही वेगळे काढता येते. चौघे मोठे असतील तर दोन खेपांत काम होते. शिवाय तिची हवा काढली की ती टेम्पोत मावते, तर ट्रेलर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी उभा करू देत नाही.

पाण्यावर मात्र फायबरचेच पारडे जड आहे. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की ती लाटा कापत जाते, आसनाला पाठ असते, वर छत असते आणि आजींची साडी कोरडी राहते. फुगवायच्या बोटीत उभे राहताना कमी डोलते, पण तुषार सगळ्यांच्या अंगावर येतात. उन्हाचा त्रासही तिलाच अधिक : सकाळी बेताने भरलेल्या नळ्या भर दुपारी काठावर नगाऱ्यासारख्या ताणल्या जातात, तेव्हा थोडी हवा सोडावी लागते, आणि थंड पाण्यात उतरवल्यावर त्याच नळ्या सैल पडतात. म्हणूनच पीव्हीसीपेक्षा महाग असले तरी ऊन अधिक सोसणारे हायपॅलॉनचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, कापड घ्यावे.

इंजिनाबाबत एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. पानशेतचा जलाशय समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्याने इंजिनाची ताकद सुमारे सहा टक्क्यांनी घटते. चौघे बसल्यावर १५ अश्वशक्तीचे इंजिन रेंगाळत असेल, तर एका इंचाने कमी पिचचा (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) पंखा बसवून पाहावा. इंजिन चार-स्ट्रोकच हवे, कारण जुन्या दोन-स्ट्रोकचे तेल पाण्यावर तवंग सोडते आणि हे पाणी पुणेकरांच्या पिण्याचे आहे. बोट कोणतीही असो, २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालील नोंदणी व जलसंपदा विभागाची परवानगी यांची चौकशी पैसे मोजण्याआधी करावी.

ज्यांची काठाला लागून जागा आहे आणि स्वतःचा पक्का उतार आहे, त्यांनी फायबरचीच घ्यावी. फ्लॅटमध्ये राहून महिन्यातून एखाद्या रविवारी जाणाऱ्यांना मी फुगवायची सुचवेन. मात्र ताब्यात घेण्यापूर्वी ती पूर्ण फुगवून रात्रभर तशीच सावलीत ठेवायला सांगावी आणि सकाळच्या गारव्याने येणारा किंचित सैलपणा सोडून एखादी नळी इतरांपेक्षा मऊ लागते का, हे अंगठ्याने दाबून पाहावे.