‘हॅक पकडणारे’ ॲप आणि मित्राचे बँक खाते

कोल्हापुरातील जे संघ शुल्क भरून बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या फोनवरील गोळीबाराच्या खेळाच्या स्थानिक स्पर्धांत उतरतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. खेळ स्वच्छ व्हावा, हा आमचा आग्रहच आमच्या फसवणुकीसाठी वापरला गेला.

राजारामपुरीतील एका मित्राच्या खोलीवरून आम्ही चौघे कस्टम रूमच्या, म्हणजे आयोजकाने खेळात फक्त बोलावलेल्या संघांसाठी उघडलेल्या सामन्यांच्या, एका स्पर्धेत खेळत होतो. शुल्क यूपीआयने भरले होते आणि बाकीचा व्यवहार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत असे. एका सामन्यात धुराचे बॉम्ब टाकून आम्ही दुमजली घरात शिरलो. मात्र मेल्यानंतर दिसणाऱ्या रिप्लेमध्ये समोरच्या खेळाडूचा नेम भिंतीपलीकडून आमच्यामागे फिरताना स्पष्ट दिसला. आम्ही जिन्यावर थांबलो की तो थांबे, खिडकीकडे सरकलो की तोही सरके. हे ‘ईएसपी’ नावाच्या हॅकचे लक्षण आहे. चित्र उमटवता यावे म्हणून आसपासच्या खेळाडूंच्या जागा सर्व्हरकडून प्रत्येक फोनवर येतच असतात आणि बाहेरचे सॉफ्टवेअर ती माहिती मेमरीतून उचलून भिंतीआडचा माणूस चौकटीत दाखवते.

आम्ही रेकॉर्डिंग पाठवून तक्रार केली. तेव्हा आयोजकाने ग्रुपवर एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायचे ॲप, टाकली आणि लिहिले, “दादा, सगळ्या टीमनी हे टाकून घ्या, हॅकवाला कोण ते लगेच कळतंय.” त्या ॲपने एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचे वाचून आपल्या वतीने बटणे दाबण्याची, परवानगी मागितली. प्ले प्रोटेक्टने, म्हणजे अँड्रॉइड फोनमधल्या गूगलच्या ॲप-तपासणीने, धोक्याची सूचना दिली, तर ‘हॅक पकडणारे ॲप म्हटल्यावर असे येणारच’ असे उत्तर मिळाले. स्पर्धेतून बाद होऊ नये म्हणून आमच्या एका मित्राने परवानग्या दिल्या. त्याच रात्री त्याच्या खात्यातून १८,५०० रुपये गेले. ओटीपीचे संदेश त्याच्या नजरेस पडण्याआधीच ते ॲप वाचून पुसत होते. सकाळी ग्रुप नाहीसा झालेला होता.

गैरप्रकार शोधणारी यंत्रणा खेळाच्या आतच आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते. संशयिताची तक्रार खेळातल्या रिपोर्ट बटणावरून करायची असते आणि आयडी बंद करण्याचा अधिकार कंपनीचा असतो. आयोजकाला फार तर स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा हातांचे चित्रण, म्हणजे हँडकॅम, मागता येते. तुमचे एसएमएस त्याला कशालाही लागत नाहीत. आपल्याकडे शाळा-कॉलेजची कितीतरी मुले वडिलांच्या फोनवर खेळतात आणि घरचे खातेही त्याच फोनला जोडलेले असते, याची मला अधिक काळजी वाटते.

अशी फाइल फोनमध्ये गेलीच असेल, तर आधी इंटरनेट बंद करावे, सिम काढावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते रोखले जाऊ शकतात. मित्राची काही रक्कम अशीच अडली आहे. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. ग्रुपमधील संदेश, आयोजकाचा क्रमांक आणि शुल्क भरलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट मात्र वाद सुरू होताच काढून ठेवावेत. आमच्या तक्रारीसोबत आज जोडता येते ते एवढेच, कारण बाकीचे त्यांनी सकाळपर्यंत पुसून टाकले होते.